सातव्या मजल्यावरून खाली

लिफ्टवाल्याच्या धाकट्या लेकीने आठ महिने खपून एक खेळ तयार केला होता, आणि त्या खेळात पुढे जायचं तर माणसाला झोप लागावी लागायची.

बटण नाही, दांडी नाही, हातात धरायला काहीच नाही. आरामखुर्चीत पडायचं, पोटावर एक पट्टा बांधायचा आणि डोळे मिटायचे. पट्ट्याच्या आत एक ताणणारी दोरी शिवलेली होती. श्वास आत गेला की ती ताठ व्हायची, बाहेर आला की सैल पडायची, आणि तेवढ्यावर समोरच्या पडद्यावरची लिफ्ट हलायची. जागेपणीच्या आखूड श्वासांवर ती तळमजल्यालाच कुरकुरत उभी राहायची. श्वास लांबला की वर, आणखी लांबला की आणखी वर. दर मजल्यावर दार सरकायचं आणि आत काही तरी दिसायचं. गंमत अशी, की ज्याच्या श्वासावर हे सगळं चालायचं, त्याच्या वाट्याला यातलं काही यायचं नाही. तो पडलेला गाढ. बघायचं ते बाजूला बसलेल्यांनी.

मग खेळणाऱ्याला काय मिळतं, असं कुणी विचारलं की धाकटी सरळ म्हणायची, "झोप."

थोरली लग्न होऊन लांब गेली, तिला हे फोनवर ऐकून हसू आवरलं नव्हतं. पण खेळाचं बी कुठलं, हे तिलाही ठाऊक होतं. त्यांचा बाप एकतीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलात लिफ्ट चालवायचा. जुनी लिफ्ट, पितळी दांड्याची. दांडा पुढे रेटला की वर, मागे ओढला की खाली, आणि मजला आला की नेमका हात आवरायचा. घरी आला की लेकींना थोपटताना तो त्यांना लिफ्टमध्ये बसवायचा. अंथरुणाचीच लिफ्ट. गाणं त्याचं त्यानेच जुळवलेलं:

पहिल्या मजल्यावर पाणीच पाणी,
होडी म्हणते वल्ह्याची गाणी.
दुसऱ्या मजल्यावर वारा राहतो,
वाळत्या कपड्यांत लपून पाहतो.
तिसऱ्या मजल्यावर पिसांचं रान,
पाऊल ठेवा, न हले पान.
चौथ्या मजल्यावर दिव्यांचं गाव,
एकेका दिव्याला एकेक नाव.
पाचव्या मजल्यावर घड्याळं निजली,
वेळ सांगायची पार विसरली.
सहाव्या मजल्यावर ढगांच्या उशा,
उशीखाली दडल्या चारही दिशा.

सहाव्याच्या पुढे धाकटी कधी जागी राहिलीच नाही. हॉस्पिटलाला मजले सात, हे तिला माहीत होतं. सकाळी उठली की दात घासता घासता विचारायची, सातव्यावर काय होतं? बाप बुटाला पॉलिश करता करता म्हणायचा, तू झोपलीस, मग मी एकटा कशाला चढू? असं करत करत पोरगी मोठी झाली आणि सातवा मजला राहूनच गेला.

खेळातही तो राहिला होता. सहा मजले तिने जीव ओतून रंगवले. होडीच्या बुडाला शेवाळ काढलं, दिव्यांच्या गावात प्रत्येक खिडकीला वेगळा पिवळा दिला. सातव्याचं दार उघडलं की नुसतं पांढरं. काय काढावं हे तिला ठाऊक नव्हतं, आणि मनाने काही तरी ठोकून द्यायला हात धजत नव्हता.

तर असा हा अर्धाकच्चा खेळ घेऊन ती एका बंद पडलेल्या छापखान्याच्या लांबलचक दालनात सकाळपासून उभी होती. वर्षातून एकदा इथे असलेच खेळ मांडायचे, दुकानात कधीही न मिळणारे. उजव्या हाताला एक दाढीवाला होता, त्याच्या खेळात जमिनीवर पडलेल्या उजेडाच्या चांदण्या खऱ्या झाडूने केरभरणीत भरायच्या. त्याला सगळे झाडूवाला म्हणायला लागले होते आणि तोही त्या नावाला ओ देत होता. डावीकडे एक बाई कांदे घेऊन बसली होती. कांदा चिरताना डोळ्यांतून येईल त्या पाण्यावर तिच्या पडद्यावरची नदी वाहायची. पलीकडे नुसतीच एक कुंडी. तिचा खेळ तीन आठवड्यांचा होता आणि आज त्याचा दुसरा दिवस होता. जुन्या शाईचा वास अजून भिंतींत मुरलेला, उंच खिडक्यांतून दुपार तिरकी खाली उतरलेली, आणि माणसं तिच्यातून पाण्यातून चालल्यासारखी सावकाश फिरत होती.

चार वाजता तीन परीक्षक तिच्यापाशी यायचे होते. ते एकच खेळ निवडणार आणि तो खेळ पुरा करायला छापखान्याच्या वरची एक खोली वर्षभर देणार. धाकटीला ती खोली हवी होती. घरी बैठकीच्या खोलीत आठ महिने तारा पसरून झाल्या होत्या. आईला चहाचा कप ठेवायला जागा उरली नव्हती. शिवाय तिची जुनी कंपनी, रंगीत गोळ्या फोडायचे खेळ बनवणारी, तिची खुर्ची सोमवारपर्यंतच रिकामी ठेवणार होती. खोली मिळाली नाही तर सोमवारी गोळ्या, आणि लिफ्ट ट्रंकेत. घरात हे कुणी मोठ्याने बोललं नव्हतं, पण तिघांनाही ठाऊक होतं.

आईबाप अकराच्या सुमारास आले. आईच्या काखेत उशी, कारण खुर्चीला डोक्याखाली काही नाही हे तिने आदल्या दिवशीच हेरलं होतं. पट्टाही तिनेच शिवलेला. बाबा इस्त्रीच्या शर्टात, बूट लखलखीत, खिशात कंगवा. आत शिरल्या शिरल्या त्यांना कोपऱ्यातली मालाची लिफ्ट दिसली. जाळीला कुलूप, आत कागदाचे गठ्ठे. आजारी नातेवाइकाच्या कपाळावर ठेवावा तसा त्यांनी तिच्या जाळीवर हात ठेवला, आणि मग लेकीकडे वळून विचारलं, की तुझी कुठंय?

*

बारा वाजेपर्यंत धाकटीच्या लक्षात आलं की काही तरी बिनसलं आहे.

पहिला आला तो एक जाडा मास्तर. डोळे मिटून पडला, श्वास लांबवला, लिफ्ट जराशी वर उचलली गेली आणि तिथेच थरथरत राहिली. दार उघडेना. मग एक कॉलेजातली मुलगी, मग दोघं मित्र, तेही आळीपाळीने. तेच. धाकटीला वाटलं, झोप लागत नाही म्हणून असेल. पण एकच्या सुमाराला रात्रपाळी करून आलेली एक नर्स खुर्चीत टेकली आणि शब्द बोलायच्या आत घोरायला लागली. दालनातली अर्धी माणसं हसू दाबत गोळा झाली. लिफ्ट पहिल्या मजल्याशी आली, दाराशी थांबली, आणि अडली. वीस मिनिटं झोपून नर्स उठली, म्हणाली फार बरं वाटलं, आणि आभार मानून गेली. पडद्यावर एकही दार उघडलं नव्हतं.

धाकटीने आकडे उघडून पाहिले आणि चूक समोरच दिसली.

झोपलेल्या माणसाचा श्वास आत जातो, वर पोचतो, क्षणभर थांबतो, आणि मग परततो, असं तिने धरलं होतं. तो जो क्षणभराचा थांबा, पाऊण सेकंदाचा, त्याच्यावर दार उघडायचं. आठ महिने तिने हे पारखून घेतलं होतं, दररोज, न चुकता. कुणावर? तर जेवण झालं की दुपारी आडव्या होणाऱ्या एकाच माणसावर. दुसरं झोपणारं माणूस तिला मिळणार तरी कुठून? मित्रमैत्रिणींना सांगून झोप येत नव्हती. बाबांना न सांगता यायची. श्वास वर जायचा, थांबायचा, जणू दार उघडून कुणाला तरी उतरू द्यायचा, आणि मग खाली यायचा. एकतीस वर्षं लिफ्ट चालवलेल्या छातीची ती खोड. एका माणसाच्या सवयीला धाकटी सगळ्या माणसांचा स्वभाव समजून बसली होती.

तिने थांब्याची अट काढून पाहिली. दारं एकेका श्वासागणिक उघडमीट करायला लागली, लिफ्ट पिसाळल्यासारखी वरखाली धावली. सगळे देखावे त्या थांब्याशी बांधलेले. सोडवायचे म्हणजे आठवड्याचं काम. तिने अट परत घातली. तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

झाडूवाला कपाळ पुसत आला आणि म्हणाला की माझ्या चांदण्या तर मघाशी एका आजीबाईंनी खऱ्याच कचऱ्यात झटकल्या, तुझं काय? तिने सांगितलं. मग त्याने बाबांकडे नुसतं पाहिलं. तिनेही पाहिलं.

बाबांना आधी कळेना. कळलं तसे ते मागे सरकले. "चारचौघांत?" एवढंच म्हणाले.

त्यामागे काय होतं ते धाकटीला माहीत होतं, म्हणूनच तिला विचारणं जड गेलं होतं. लिफ्टमधल्या स्टुलाला पहिल्यांदा पाठ होती. कामाला लागल्याच्या दुसऱ्या आठवड्यात बाबांनी ती स्वतः करवतीने कापून टाकली, टेकलं की डोळा लागेल म्हणून. एकतीस वर्षांत त्यांना झोपलेलं कुणी पाहिलं नव्हतं, आणि नोकरीतलं दुसरं काही त्यांनी कधी मिरवलं नव्हतं. घरी दुपारी आडवे व्हायचे तेसुद्धा दार लोटून. लेकीसाठी पट्टा बांधून घेतला, पण शेजाऱ्यांना पत्ता लागू दिला नाही.

तरी ते खुर्चीत पडले. बूट काढले नाहीत. आईने उशी सारखी केली, धाकटीने पट्टा बांधला. डोळे मिटले, पण डोळ्यांच्या पापण्यांखाली माणूस ड्यूटीवरच. कुणी जवळून गेलं की पाय आखडून वाट करून द्यायचे. एका बाईच्या हातात पिशवी दिसली, म्हणजे मिटल्या डोळ्यांनी कशी दिसली देव जाणे, तर उठून धरायला निघाले. पडद्यावरची लिफ्ट तळमजल्यावर उभी होती, सरळ, ताठ, त्यांच्यासारखीच. पाव तासाने त्यांनी डोळे उघडले.

"नाही जमत गं मला," ते म्हणाले. आवाज असा, की धाकटीने घाईघाईने पट्टा सोडला आणि राहू दे, राहू दे म्हणत राहिली. काही होत नाही बाबा, पुढच्या वर्षी बघू. पुढचं वर्ष कुठलं, सोमवारी गोळ्याच, हे ती गिळून गेली.

आई एवढा वेळ उशीला थोपटत बसली होती. तिने वर न बघता म्हटलं, "तू बस की मग."

धाकटीला उमगेना.

"तुझाही थांबतो श्वास. अगदी यांच्यासारखा. पाच वर्षांची होईस्तोवर तू यांच्या छातीवर झोपायचीस, तिथूनच उचललंस. बापलेक एकदम थांबायचात. तेवढ्यात मला भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायची. मी बसायचे उठून, म्हणायचे झालं काय दोघांना. डॉक्टरकडेही नेलं होतं, ते म्हणाले काही नाही, खोड आहे."

"तू हे कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलंस? आठ महिने यांचंच पोट मोजत होतीस."

झाडूवाला हसला आणि मग हसल्याबद्दल ओशाळला. धाकटीने घड्याळ पाहिलं. ती झोपली तर परीक्षकांना समजावून कोण सांगणार, हे तिने पुरतं विचारलंही नाही, तोवर आईने बाबांपुढे एक स्टूल सरकवलं होतं. बिनपाठीचं. छापखान्याचं असावं.

"हे आहेत ना," आई म्हणाली. "जन्मभर लोकांना वर नेलंय. तुला नेतील."

बाबांनी शर्ट सारखा केला, केसांवरून कंगवा फिरवला आणि स्टुलावर बसले. पाठ ताठ, उजवा हात गुडघ्याच्या जरा पुढे, हवेत काही तरी धरल्यासारखा. धाकटीने पाहिलं, की इथे आल्यापासून ते पहिल्यांदाच नीट बसले आहेत.

ती आडवी झाली. तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता, पण जीव असा टांगणीला लागलेला की झोप आसपास फिरकेना. उशीला घरच्या कपाटाचा वास होता. दाराकडून पावलं आली, तिघांची. बाबांनी त्यांना बसा म्हटलेलं तिने ऐकलं, अगदी त्या जुन्या आवाजात, आत या, दारापासून सरका. मग तोच आवाज कानापाशी आला, खाली, पुटपुटल्यासारखा.

पहिल्या मजल्यावर पाणीच पाणी.

छातीत कुठे तरी एक दांडा पुढे झाला. तिने दुसऱ्या मजल्यावरचे कपडे ऐकले, फडफडताना. तिसऱ्यावरची पिसं गालाला लागली. चौथ्या मजल्यावरच्या एका दिव्याला तिचं नाव होतं का, हे तिला विचारायचं होतं, पण तोंड फार लांब राहिलं होतं.

*

यापुढचं तिला आईने सांगितलं. आई सांगायची म्हणजे मध्ये कोण खोकलं तेही सांगायची, त्यामुळे धाकटीला ते स्वतः पाहिल्यासारखंच झालं.

पहिलं दार चौथ्या कडव्याच्या आसपास उघडलं, उशिरा, पण उघडलं. काठाला बांधलेली होडी हलली. परीक्षकांतली एक बाई होती, चष्मा कपाळावर ढकललेला, दिवसभर खेळ बघून डोळे आंबलेले. ती खुर्चीच्या कडेवर बसली होती ती मागे टेकली. दुसऱ्यावर कपडे ओले, थेंब गळत होते. तिसऱ्यावर पिसं. कांदेवाली विळी ठेवून येऊन उभी राहिली. झाडूवाला चांदण्या तशाच पसरलेल्या टाकून आला. सगळ्यांचं लक्ष पडद्याकडे, पण हळूहळू सगळे त्या झोपलेल्या पोरीच्या तालात श्वास घ्यायला लागले होते, आणि श्वास वर थांबला की दालनभर थांबायचा. आई म्हणाली, मला घड्याळ ऐकू येईल की काय असं वाटलं.

सहाव्यावर ढगांच्या उशा आल्या. बाबांचं गाणं तिथे संपलं. लिफ्ट मात्र थांबली नाही. घरी या जागेला धाकटी यंत्र बंद करायची आणि बाबांना चहापर्यंत झोपू द्यायची. आज बंद करणारी खुर्चीत होती. सातव्या मजल्याचं दार सरकलं आणि पांढऱ्या उजेडाने सगळ्यांचे चेहरे धुऊन काढले.

चष्मेवाल्या बाईने हलक्या आवाजात विचारलं, इथे काही नाही का?

बाबांनी पडद्याकडे पाहिलं. त्यांना लेकीने सांगितलं होतं की सातवा अजून व्हायचा आहे. पण आई म्हणते, त्यांचा चेहरा ओळखीच्या ठिकाणी आल्यासारखा झाला.

"आहे ना," ते म्हणाले. "इथे ऑपरेशनं व्हायची. असंच असायचं, पांढरं. लहान पोरींना कशाला सांगू, म्हणून मी सहाव्यावरच थांबायचो."

ते पडद्याकडेच बघत होते.

"वर येताना माणसं बोलत असायची. भीतीनं जास्तच बोलायची. खाली नेताना झोपलेली. वर काय, कुणीही आणेल. झोपलेल्याला खाली नेताना मजला एक बोट जरी चुकला, तरी चाक आपटतं. त्याला कळत नाही, पण चेहऱ्यावर येतं." एवढं बोलून त्यांनी लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग उजवा हात, तो हवेतला, सावकाश मागे ओढला आणि म्हणाले, "खाली. खाली चला."

आणि गाणं उलटं म्हणायला लागले, सहाव्याकडून.

श्वास आखडला की लिफ्ट खाली येणार, हे धाकटीनेच लिहिलेलं होतं. फक्त ते कुणी घडलेलं पाहिलं नव्हतं. बाबांचा आवाज दर मजल्याला केसभर मोठा होत होता, अंधाराच्या खोलीत कुणी एकेक खिडकी किलकिली करावी तसा. पोरीचा श्वास त्याच्यामागून येत होता. दारं पुन्हा उघडत होती, पण आत आता तेच नव्हतं. मजले सोडून लिफ्ट वर गेली तरी आतला काळ चालूच राहिला होता, आणि त्याच्याकडे परत कुणी आलंच नव्हतं. दिव्यांच्या गावात बरेचसे दिवे मालवले होते, माणसं निजली असावीत. पिसांच्या रानात त्यांच्याच येण्याजाण्याच्या वाऱ्याने एक पायवाट पडली होती. दुसऱ्या मजल्यावरचे कपडे वाळले होते. आणि पहिल्यावर, वर जाताना जी होडी काठाला होती, ती पार पलीकडच्या काठाला लागली होती, रिकामी, कुणाला तरी सोडून आलेली.

लिफ्ट तळमजल्याला टेकली. आई शपथेवर सांगते, जराही धक्का बसला नाही.

*

धाकटीने डोळे उघडले तेव्हा तिच्याभोवती पंचवीसेक माणसं उभी होती आणि एकही बोलत नव्हतं. तिला वाटलं, बिघडलं सगळं.

"तळमजला," बाबा म्हणाले. "सावकाश उतरा."

चष्मेवाल्या बाईच्या हातात तिने सकाळी भरून दिलेला कागद होता. बाईने त्यात खेळाडूंच्या संख्येपुढचा एक खोडला आणि पेन धाकटीच्या हातात दिलं. धाकटीने अर्धवट झोपेत बाबांकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं, आणि दोन लिहिलं. मग तिला राहवलं नाही. तिने सांगून टाकलं की हा खेळ तुमच्यावर चालणार नाही, कुणावरच चालणार नाही, हा एकाच घरातल्या दोघांच्या श्वासावर बेतला गेलाय आणि ही चूक मला आज दुपारी कळली.

"मला कळली होती," बाई म्हणाली. "मघाशी ती नर्स घोरत होती तेव्हा मी मागेच उभी होते. बाकीच्यांचे श्वास ऐकायला तुला किती दिवस लागतील?"

धाकटी म्हणाली, खरं सांगायचं तर वर्षसुद्धा पुरणार नाही.

बाईने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, कागदावर काही तरी टिपलं आणि तिघेही परीक्षक कुंडीच्या खेळाकडे गेले. पाच वाजता दालनाच्या टोकाला खुर्चीवर चढून कुणी तरी खेळाचं नाव पुकारलं. धाकटीला ऐकू आलं नाही. झाडूवाल्याने झाडूनेच तिला ढोसलं.

खोली छापखान्याच्या चौथ्या मजल्यावर होती. किल्ली देणाऱ्या माणसाला बाबांनी पहिलं विचारलं ते हेच, की लिफ्ट चालू होण्याची काही आशा? तो म्हणाला, आमच्या साहेबांच्या हयातीत तरी नाही. मग तिघं जिन्याने निघाले, पुढे बाबा, मागे उशी घेतलेली आई, मध्ये धाकटी. प्रत्येक मजल्यावर बाबा थांबायचे, कठड्याला हात लावून दोघींना पुढे होऊ द्यायचे आणि मजल्याचा आकडा सांगायचे. आईने एकदा म्हटलं की आम्हाला मोजता येतं. त्यांनी तरी सांगितलाच.

खोली रिकामी होती. एक उंच खिडकी, भिंतीवर जुन्या कॅलेंडरची फिकट चौकट, फरशीवर उन्हाचा शेवटचा तुकडा. खुर्ची कुठे ठेवायची, पडदा कुठे लावायचा, यावर मायलेकींचं जुंपलं. आईचं म्हणणं, झोपणाऱ्याच्या तोंडावर ऊन येता कामा नये. धाकटी म्हणाली की आता दोघं बसणार, स्टुलालाही जागा हवी, आणि सातवा मजला तो आता पांढराच ठेवायचा. बोलता बोलता ती काही विचारायला वळली आणि तशीच राहिली.

बाबा भिंतीला पाठ टेकून खाली बसले होते. पाय लांब सोडलेले, बूट तसेच, दार सताड उघडं. जिन्यावरून माणसं सामान उतरवत बोलत जात होती. बाबांची मान एका बाजूला कलली होती. छाती वर आली, थांबली, आणि खाली गेली.

आईने तोंडाला पदर लावला, हसायला की कशाला ते कळलं नाही. मग कुजबुजली, "उठवू का? खाली टॅक्सीवाला थांबलाय."

"थांब," धाकटी म्हणाली. "किती वर गेलेत ते बघू दे."

ती त्यांच्याजवळ फरशीवर बसली आणि कान देऊन ऐकत राहिली. बराच वेळ. श्वास लांब होता, खूप लांब. मग तिने उजवा हात गुडघ्याच्या जरा पुढे धरला, आणि सहाव्या मजल्यापासून, अगदी हळू, एक बोटही चुकू न देता, म्हणायला सुरुवात केली.